नाना आणि इंजिनाचं पोट

मोटारसायकलचं पोट साफ असलं तर माणसाच्या आयुष्यातल्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. सगळं घर त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणू लागलो. धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. विद्यार्थ्यांनी काळ्या करून ठेवलेल्या परीक्षानळ्या धुण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती, आणि जगातली कुठलीही वस्तू मुळात स्वच्छ असते, योग्य द्रव योग्य प्रमाणात मिळाला की ती पुन्हा तशी होते, अशी त्यांची पक्की श्रद्धा झाली होती. माणसांच्या बाबतीत ते हे बोलून दाखवत नसत. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ते सकाळी चहाच्या आधीपासून बोलत.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. भुसावळच्या बुद्धविहाराच्या अंगणात लग्न लागलं, जेवणावळी सुरू झाल्या आणि मी नव्या सफारीत घामाघूम होऊन उभा होतो. पांढरा सदरा, डोळ्यांना जाड चष्मा, खिशाला तीन पेनं आणि एक इंजेक्शनची सिरिंज अशा थाटाचे एक गृहस्थ जवळ आले. "जय भीम, साडूभाऊ," म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आता हे पगार विचारतील, नाहीतर गाव विचारतील, अशी मी मनाची तयारी केली. त्यांनी विचारलं, "तुमची स्कूटर कुठे लावलीय?" मी बोट दाखवलं. मग नवरदेवानं स्वतः किक मारून स्कूटर चालू केली, आणि नाना सायलेन्सरमागे उकिडवे बसले. त्यांनी खिशातून इस्त्री केलेला पांढरा रुमाल काढला, धुरासमोर मनातल्या मनात वीस आकडे मोजेपर्यंत धरला आणि उजेडाकडे करून पाहिला. रुमालावर करडा डाग उमटला होता. "काळजीचं कारण नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले, जसं काही माझा एक्स-रे पाहत होते. "पण पोटात कार्बन आहे. मी देईन काहीतरी." तोवर नवरी एकटीच पाहुण्यांच्या पाया पडत होती, आणि हे तिनं मला पुढची काही वर्षं अधूनमधून ऐकवलं.

नानांची स्वतःची गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची, काळ्या रंगाची, एका पायात जोर असलेल्या माणसानंच चालू करावी अशी जुनी मोटारसायकल होती. भुसावळच्या रेल्वेतल्या एका गार्डनं निवृत्त होताना ती त्यांना दिली होती. ती चालू झाली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले पापड झाकायच्या. आवाज भरदार होता, पण मागून धूर यायचा. किती, तर पहिल्या दोन मिनिटांत नानांच्या घराची पायरी दिसेनाशी व्हायची. दुसरा एखादा माणूस गाडी विकून मोकळा झाला असता. नानांनी बाटल्या भरायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतून बाद झालेल्या तपकिरी काचेच्या बाटल्या ओळीनं खिडकीत मांडलेल्या असत, आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'क्र. १, टाकीसाठी, दर लिटरला सिरिंजची एक मात्रा.' 'क्र. ३, प्लगसाठी.' 'क्र. ५, ऑइलच्या कोठीसाठी, गाडी गरम असताना.' प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लाल शाईनं 'पोटात घेऊ नये' असं लिहिलेलं. कुठल्या पोटात, हे लिहिलेलं नसल्यानं पहिल्यांदा वाचणारा गोंधळायचा.

आमचे सासरे मात्र गोंधळले नाहीत. फैजपूरला केळीच्या मळ्यांत पाटाच्या पाण्यात उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. धुळ्याला लेकीकडे राहायला आले असताना एका दुपारी त्यांनी तीन नंबरची बाटली उघडून दोन्ही गुडघ्यांना चोळली आणि उन्हात पाय पसरून बसले. नाना घरी आले ते वासानंच ओळखून धावले. सासरे शांतपणे म्हणाले, "मले उतार पडला. अजून आहे का?" ते प्लगवरचा कोळसा काढायचं औषध आहे, त्यात रॉकेल आहे, स्पिरिट आहे, असं नानांनी परोपरीनं सांगितलं. सासरे म्हणाले, "मंग गुडघ्यातबी कोळसाच असंल." पुढच्या वेळी नानांनी तिळाच्या तेलात कापूर मिसळून एक निराळी बाटली भरली, तिच्यावर 'क्र. ३ अ' अशी चिठ्ठी लावली आणि ती फैजपूरला पोचती केली. सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले की जुना माल जास्त जोरदार होता.

पेट्रोल पंपावर जाणं हा तर एक सोहळाच असायचा. पंपावरचा माणूस नानांना ओळखून होता. तो आधी अर्धं पेट्रोल सोडायचा आणि थांबायचा. नाना सिरिंजनं टाकीत एक नंबर सोडायचे, मग उरलेलं पेट्रोल. मग टाकीचं झाकण लावून नाना गाडी डावीकडे झुकवायचे, उजवीकडे झुकवायचे, पुन्हा डावीकडे. औषध सगळीकडे सारखं मिसळलं पाहिजे. मागच्या सीटवर अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बसलेली असायची. नाना तिला उतरायला सांगत नसत आणि ती उतरतही नसे. मांडीवर पिशवी धरून, डोक्यावरचा पदर एका हातानं सावरत ती गाडीबरोबर डावीकडे जायची, उजवीकडे जायची, आणि समोरच्या रांगेत ओळखीची बाई दिसली तर त्या हेलकाव्यांतच तिची खुशालीही विचारायची.

रविवारी सकाळी वंदना झाली की नाना अंगणात उतरायचे. त्या घरात एक गोष्ट मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटायची. वंदनेला फुलं असत, मेणबत्ती असे, पण उदबत्ती कधी नसे. मिरच्यांची फोडणीसुद्धा दार-खिडक्या सताड उघडून, नाना पुठ्ठ्यानं वारा घालत असताना पडायची. हाही एक स्वच्छतेचा प्रकार असेल, असं समजून मी सोडून दिलं. अंगणात गाडी स्टँडवर चढायची, जुनं ऑइल निघायचं, त्याजागी पाच नंबर जायचा आणि दहा मिनिटं इंजिन नुसतं धडधडत ठेवलं जायचं. मग खाली पांढरं इनॅमलचं घमेलं ठेवून नाना बूच काढायचे. जे काळंकुट्ट बाहेर यायचं त्याचं दर्शन घ्यायला ते शेजाऱ्यांना बोलवायचे. मोजनळीत ते भरून, चोवीस तास निवळू देऊन, तळाला किती गाळ बसला ते वहीत लिहायचे. त्याच वहीत रुमालही चिकटवलेले असत, प्रत्येकाखाली तारीख. मला त्यांनी एकदा ती वही पहिल्या पानापासून दाखवली. काळा, काळा, करडा, काळा, करडा, करडा. "फरक पडतोय ना?" त्यांनी विचारलं. मला खरं म्हणजे तसा काही दिसत नव्हता. पण ते चष्मा कपाळावर चढवून माझ्या तोंडाकडे इतक्या आशेनं पाहत होते की मी म्हटलं, "खूपच."

असं न म्हणणारा माणूस म्हणजे त्यांचा मिस्तरी. पारोळा रोडवर एका लिंबाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज होतं. साठीचा, किडकिडीत, कमी बोलणारा म्हातारा. नाना त्याच्याकडे फक्त सुटे भाग घ्यायला जात, गाडी उघडू देत नसत. एकदा मी बरोबर होतो. नानांनी त्याला आठ नंबर दाखवला. हा नवा, सगळ्यात जालीम. वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवणारा. मिस्तरीनं बूच उघडून हुंगलं, बूच लावलं आणि बाटली परत दिली.

"नाना, बठ्ठा मय काढू नका. या मयवरच हायी इंजिन टिकेल शे."

"सगळा मळ गेलाच पाहिजे. मळावर काही टिकत नसतं, मिस्तरी," नाना म्हणाले.

"मंग माले एकदाव उघाडू द्या."

"उघडायची वेळ आली म्हणजे माझं औषध कमी पडलं."

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. विषय तिथंच संपला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या मुलीचं नामकरण होतं, जळगावला, आमच्या घरी. नाव अक्कानं सुचवलेलं, आणि पाळण्यात बाळाला घालणार तीच, असं ठरलेलं. अक्काला मूलबाळ नव्हतं. याबद्दल ती काही बोलायची नाही, पण त्या नावाचं पत्र पाठवताना तिनं ते नाव वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत चार वेळा लिहून पाठवलं होतं. एसटीनं या, असं मी दोनदा कळवलं. नानांनी उलट निरोप दिला की गाडीची तयारी चालू आहे, यावेळी तिला आठ नंबर देणार आहे, आणि तुमच्या दारात येऊन उभी राहील तेव्हा रुमाल पांढरा राहील.

सकाळी दहाला येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले. पाहुणे बसून राहिले. बायको सारखी दारात जाऊन रस्ता बघत होती आणि मी काही झालं नसेल असं म्हणत होतो, जे म्हटल्यानं कुणाचंच समाधान होत नाही. साडेबाराला गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक येऊन थांबला. सुरतेकडे केळी उतरवून रावेरला रिकामा परतणारा. केबिनमधून अक्का उतरली, ड्रायव्हरनं तिची पिशवी हातात दिली. ती हसत होती, पण दम लागलेला दिसत होता, आणि एकेक शब्द थांबून बोलत होती. "एरंडोलच्या अलीकडे गाडी बसली," तिनं सांगितलं. "धाड आवाज झाला आणि चाकच फिरेना. तासभर उन्हात उभे होतो. हे भाऊ थांबले म्हणून बरं." मागे, फाळका उघडल्यावर, वाळलेल्या केळीच्या पानांवर मोटारसायकल आडवी पडलेली होती आणि तिचं हँडल धरून नाना बसले होते. त्यांचा पांढरा सदरा काळा झाला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी गाडी मारली, साडूभाऊ."

नामकरण छान झालं. अक्कानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग बराच वेळ बाळ खाली ठेवलंच नाही. नाना कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. मधेच उठून त्यांनी फोटोसमोर कुणीतरी लावलेली उदबत्ती उचलली, खिडकीबाहेर विझवली आणि परत येऊन बसले. जेवायला म्हणून बोलावलं तर नको म्हणाले. मी त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेलो. तिथं ट्रकवाल्यानं उतरवून दिलेली गाडी भिंतीला टेकून उभी होती. पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"हिला दमा आहे," ते घराच्या दाराकडे बघत म्हणाले. "तुमचं लग्न झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, बाईंना धुरापासून जपा. चूल बंद केली, गॅस घेतला. उदबत्ती बंद केली. राहिली ही." त्यांनी गाडीकडे मान केली. "हिच्यावर बसू नको, असं मी सांगू शकलो असतो. पण साडूभाऊ, आमचं घर दोन खोल्यांचं. आई, दोन भाऊ, त्यांची मुलं. आम्हाला दोघांना बोलायला जागा म्हणाल तर हीच. रविवारी लळिंगला जातो, कधी साक्रीच्या बाजाराला. ती मागून बोलत असते, मी ऐकत असतो. ते बंद करा, असं कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, धूरच बंद करू." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "वहीत करडे डाग पडायला लागले होते. अजून थोडं राहिलं होतं."

त्या वहीला आणि त्या बाटल्यांना मी दोन वर्षं हसत होतो. घरी येऊन बायकोला नकला करून दाखवत होतो. मी म्हटलं, "नाना, पाणी प्या." ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला ओळखीच्या दुकानात फोन करून मिस्तरीला निरोप ठेवला. इथलाच एखादा चांगला मेकॅनिक सुचव, एवढंच विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून, एसटीनं, आमच्या दारात हजर. कुणी बोलावलं, असं विचारायच्या आत म्हणाला, "हायी इंजिन दुसराना हातमा कसं देऊ?" चहासुद्धा न घेता तो अंगणात गोणपाट अंथरून बसला आणि त्यानं गाडी उघडली. नाना दाराच्या चौकटीत उभे राहिले. जवळ जायचं त्यांचं धाडस होईना.

मिस्तरीनं आधी वरचं हेड काढलं, फडक्यानं पुसलं, उन्हात धरलं आणि तो बराच वेळ बघत राहिला. "नाना, आठे या," त्यानं हाक मारली. "चाळीस वरीस व्हयनात माले या धंदामा. इतलं सोच्छ हेड मी कोणं देखं नही." नाना पुढे आले. खरोखरच ते घासलेल्या भांड्यासारखं चमकत होतं. नानांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं. मग मिस्तरीनं खालून ऑइलची जाळी काढून दाखवली. ती जाळी आहे हे सांगावं लागलं, इतका तिच्यावर चिकट काळा गाळ बसला होता. आठ नंबरनं आपलं काम चोख केलं होतं. वर्षानुवर्षं कोपऱ्याकोपऱ्यात गप्प बसलेला सगळा मळ त्यानं एकदम सोडवला, आणि तो सगळा येऊन या जाळीत अडकला. ऑइल वर चढेना आणि पिस्टन तापून जागच्या जागी जाम झाला.

"आणि धूर?" नानांनी विचारलं. "धूर का थांबत नव्हता?"

मिस्तरीनं पिस्टनच्या रिंगा काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बोटानं दाखवलं, किती पातळ झाल्या होत्या. "हाऊ धूर मयना नव्हता, नाना. हाऊ झिजना धूर. ऑइल वर चढे आन जळे. झीज कोणतीबी दवाईवरी भरस नही." त्यानं हे रागावून सांगितलं नाही. डॉक्टर घरच्या माणसाला सांगतो तसं सांगितलं. नाना त्या रिंगा हातात घेऊन उभे राहिले. रसायनशास्त्र कळणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि आत निघून गेले.

सिलिंडर बोअर करून आणायला, नवा पिस्टन मिळवायला चार दिवस लागले. तोवर नाना-अक्का आमच्याकडेच राहिले. अक्का दिवसभर बाळाला घेऊन बसायची. एका दुपारी नाना मिस्तरीबरोबर लेथवाल्याकडे गेले होते. मी न राहवून तिला म्हटलं, "अक्का, नाना हे सगळं कशासाठी करत होते, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं, भाऊ," ती म्हणाली. बाळ झोपत आलं होतं, म्हणून ती कुजबुजत होती. "फक्त त्यांना वाटतं की मला माहीत नाही."

"मग धुराचा त्रास व्हायचा का खूप?"

ती हसली. "धूर मागं जातो ना भाऊ. गाडी पुढं जाते, धूर मागं राहतो. मी बसते त्यांच्या पाठीशी. मला कुठून लागणार?" मग बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, "मला त्रास व्हायचा तो त्यांच्या सदऱ्याचा. त्या बाटल्यांचा वास. कितीही धुतला तरी जायचा नाही. नाक त्यांच्या पाठीला लागलं की ठसका यायचा. मग ते म्हणायचे, बघ, धूर लागला. आणि घरी जाऊन पुन्हा बाटल्या ढवळायचे."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"कसं सांगू?" अक्का म्हणाली. "माणूस दोन वर्षं रविवारी सकाळी उकिडवा बसून काय करतोय, ते मी ओट्यावरून बघायचे. माझ्यासाठी कुणी इतकं काही केलं नव्हतं."

हे गुपित मी जपलं. अक्कानं मात्र त्या संध्याकाळी मिस्तरीला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून घेतलं, हे मी पाहिलं. ती म्हणाली, "मिस्तरी, आता बाटल्या बंद. पण त्यांना धुवायला काहीतरी राहू द्या. नाहीतर रविवारी ते करतील काय?" मिस्तरीनं डोकं खाजवलं. सकाळी त्यानं नानांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की नव्या इंजिनाला एकच पथ्य आहे. हवेची जाळी आणि ऑइलची जाळी दर पंधरा दिवसांनी काढायची, साध्या रॉकेलनं ब्रशनं धुवायची, अंगणाच्या पार टोकाला बसून धुवायची, आणि मग हात साबणानं तीनदा धुवून कपडे बदलायचे. "तीनदा का?" नानांनी विचारलं. "इंजिनले वास चालस नही," मिस्तरी म्हणाला. अक्का वळून पोळ्या लाटू लागली. नानांनी ते वहीत लिहून घेतलं.

गाडी चालू झाली तेव्हा आवाज तोच होता, भरदार. नानांनी सवयीनं मागे रुमाल धरला, वीस आकडे मोजले. रुमाल पांढरा राहिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, मग घडी करून अक्काच्या हातात दिला. तिनं त्यानं बाळाची लाळ पुसली.

निघताना मिस्तरीनं एक ताकीद दिली. पिस्टन नवा आहे, बोअर नवा आहे, तेव्हा पहिले काही महिने गाडी पळवायची नाही. तिसाच्या वर काटा जाता कामा नये. नानांनी ती तंतोतंत पाळली. धुळ्याहून जळगावला यायला त्यांना तीन-साडेतीन तास लागायचे. बैलगाड्या सोडल्या तर रस्त्यावरचं सगळं त्यांना ओलांडून जायचं. मुदत संपली, इंजिन मोकळं झालं, मिस्तरीनं स्वतः चालवून बघून आता पळवा म्हणून सांगितलं. नानांनी वेग वाढवला नाही. मी एकदा कारण विचारलं, तर ते जरा संकोचून म्हणाले, "हळू चालवलं की हिचं सगळं ऐकू येतं, साडूभाऊ. आधी अर्धं वाऱ्यात जायचं. मी नुसतं हो हो म्हणायचो."

अक्का पुढे सहा वर्षं होती. शेवटच्या हिवाळ्यात तिला गाडीवर बसवत नव्हतं, आणि मग तीच राहिली नाही. त्यानंतर नाना धुळ्याहून यायचे ते एसटीनंच. आता तेही नाहीत. लोक त्यांची आठवण काढतात तेव्हा बाटल्यांच्या गोष्टी सांगतात, सासऱ्यांच्या गुडघ्यांची गोष्ट सांगतात, आणि मीही त्यांत भर घालून हसवतो. पण माझ्यापुरते ते दोघं मला एका वेगळ्याच ठिकाणी भेटतात.

अक्का होती तेव्हा एकदा ऑफिसच्या कामासाठी मी धुळ्याला गेलो होतो आणि दुपारच्या एसटीनं जळगावला परतत होतो. फागणं गाव मागे टाकलं आणि खिडकीतून मला पुढे रस्त्याच्या अगदी कडेनं चाललेली ती काळी मोटारसायकल दिसली. कुठे निघाली होती कुणास ठाऊक, आमच्याकडे तर येणार नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नानांनी मागे न बघता गाडी आणखी कडेला घेतली. बस त्यांच्या शेजारून जायला लागली तेव्हा मला ती दोघं वरून, अगदी जवळून दिसली. अक्का डावा हात लांब करून शेतांकडे काहीतरी दाखवत होती आणि त्यांच्या कानाशी वाकून बोलत होती. नाना मान हलवत होते. मग त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण ती मागे सरकून मोठ्यानं हसली. खिडकी उघडीच होती. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.

बस पारोळ्याला थांबली. मी खाली उतरून चहा घेतला आणि धुळ्याकडच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. तिथं तरी गाठू, दोन शब्द बोलू, असं मनात होतं. वीसेक मिनिटं बस उभी होती. कंडक्टरनं आत बोलावलं, डबल बेल दिली, आणि मी पायरीवर उभा राहूनही मागे पाहत होतो. पण ती दोघं काही आली नाहीत. वाटेत कुठंतरी थांबली असतील.